वर्गात मांडलेला गल्ला

संध्याकाळी बडोद्याच्या मंगळबाजारात कापडाच्या दुकानात गेलात, तर गल्ल्याशेजारी सातवी-आठवीतलं एखादं गुजराती पोर गृहपाठ करताना दिसेल. मधेच वडील हाक मारतात. ते उठून गिऱ्हाइकाला सुट्टे देतं, बाईंनी भाव कसा पाडला ते ऐकतं आणि पुन्हा वहीत डोकं घालतं. त्याच वेळी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात त्याच वयाचं मराठी पोर दार लोटून अभ्यासाला बसलेलं असतं, आणि घरातली माणसं त्याच्यासाठी हळू आवाजात बोलत असतात. पुढे मोठं झाल्यावर पहिल्याला दुकान टाकायची भीती वाटत नाही, दुसऱ्याला वाटते. मग आपण म्हणतो, "त्यांच्या रक्तातच धंदा असतो."

मी बडोद्यात वाणिज्य शिकवत आलो आहे, आणि ही रक्ताची गोष्ट मला पटत नाही. त्या मुलाकडे गल्ल्याशेजारी घालवलेले हजारो तास असतात, आपल्याकडे ते नसतात, इतकंच. आमचे आजे-पणजे गायकवाडांच्या चाकरीत आले, कारकून झाले, मास्तर झाले, आणि पेन्शनीची ऊब घरात मुरली. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्या घरी गल्ला नाही त्याला ते तास शाळेनेच द्यायला हवेत, आणि ते भाषण देऊन मिळत नाहीत. धंदा शिकवण्याची जी पद्धत खाली लिहितो आहे ती नववी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. कॉलेजात काय बदलायचं ते शेवटाकडे येईल.

सुरुवात शिक्षकापासून

वर्गात जाण्याआधी तुम्ही स्वतः दोन सकाळी बाजारात काढा. खंडेराव मार्केटच्या मागे भाजी-फुलांचा बाजार भरतो, तिथे साडेसहाला जा. (१९०६ ची ती देखणी इमारत पुढून महापालिकेची कचेरी म्हणून सगळे बघतात, मागच्या बाजूला कुणी फिरकत नाही.) एका फुलवालीजवळ उभे राहा आणि तिने माल किती वाजता घेतला, किती वाजता भाव उतरवला, उरलेल्या फुलांचं काय केलं, हे वहीत टिपा. नासणाऱ्या मालाचा भाव घड्याळाबरोबर कसा घसरतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मागणी-पुरवठ्याची आकृती फळ्यावर काढताना आवाज आपोआप वेगळा लागतो. ज्याने आयुष्यात काही विकलं नाही अशा शिक्षकाने निदान विकणाऱ्याला जवळून पाहिलेलं असावं. मी स्वतः हे पहिल्या वर्षी केलं नव्हतं आणि मुलांनी ते तासाभरात ओळखलं.

नवरात्र ते उत्तरायण

बडोद्याचं वर्ष या कामासाठी जणू आखूनच दिलेलं आहे. नवरात्रात गाव रात्रभर जागं असतं, तेव्हा मुलांनी निरीक्षण करायचं. दिवाळीच्या सुट्टीत लोकांशी बोलणं. सुट्टीनंतर गट, हिशोब, नमुना. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात विक्री, कारण १४ जानेवारीला, म्हणजे उत्तरायणाला, अख्खं शहर पतंग उडवायला अगाशीवर असतं आणि त्याआधी आठ दिवस गेंडीगेटच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. संक्रांत उलटली की हिशोब मिटवून परीक्षेच्या अभ्यासाला मुलं मोकळी. आठवड्याला एक जोडतास पुरतो. तुमच्या गावचा सण वेगळा असेल तर तो धरा, पण विक्रीची तारीख पुढे ढकलता येणार नाही अशी असावी. उत्तरायण तुमच्यासाठी थांबत नाही, हाच अर्धा धडा आहे.

गट आणि पहिल्या दिवसाचा कागद

पाच जणांचा गट. मित्रामित्रांचे गट करू देऊ नका. ते हिशोब विचारायला लाजतात. गट शिक्षकाने पाडावेत आणि प्रत्येकात निदान एक घरचा दुकानदार असावा. मात्र रोकड त्याच्याकडे द्यायची नाही, कारण तो ते काम झोपेतही करेल. रोकड अशा मुलाकडे द्या ज्याने घरी कधी वाणसामानही आणलेलं नाही.

पहिल्याच दिवशी, अजून काही सुचलेलंही नसताना, प्रत्येक गटाने एका पानावर चार गोष्टी लिहून सह्या करायच्या: नफा कसा वाटायचा (समान की कामाच्या तासांवर), तोटा कोण सोसणार, कुणी मधेच सोडलं तर काय, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. मुलांना हा पोरखेळ वाटतो. माझ्या एका वर्गात हा कागद करून घेतला नव्हता आणि एकशे ऐंशी रुपयांवरून दोन मुली वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीने रात्री जागून पिशव्या चिकटवल्या होत्या, दुसरीने तिच्या मामाच्या दुकानातून माल स्वस्तात आणला होता. दोघीही बरोबर होत्या. वाटणीचं बोलणं पैसे येण्याआधी करायचं असतं. ते राहून गेलं, ही चूक त्यांची नव्हती, माझी होती.

कल्पना नकोत, तक्रारी आणा

"काय धंदा कराल?" असा प्रश्न वर्गाला विचारलात तर पाच मिनिटांत ॲप, कॅफे आणि टी-शर्ट ही तीन उत्तरं येतात आणि तिथेच सगळं संपतं. त्याऐवजी प्रत्येकाने दहा तक्रारी गोळा करून आणायच्या. गरब्याला जाणाऱ्या ताईची, शाळेबाहेरच्या रिक्षावाल्या काकांची, अगाशीवर पतंग उडवणाऱ्या शेजाऱ्याची, शिकवणीच्या जिन्यात चपला हरवणाऱ्या पोरांची.

विचारण्याची एक रीत मात्र घोटून घ्यावी लागते. "आम्ही असं असं केलं तर तुम्ही घ्याल का?" हा प्रश्न बंद. मुलांचं मन मोडू नये म्हणून प्रत्येक मावशी 'हो' म्हणते, आणि त्या होकाराला बाजारात दमडीची किंमत नसते. विचारायचं ते झालेल्या गोष्टीबद्दल: "मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत? किती पैसे गेले? कुठून आणलंत?" ज्या अडचणीवर माणसाने आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही, ती त्याला फारशी खुपत नसते. ती वहीत राहू द्या, धंद्यासाठी पुढची बघा.

हातात काय आहे, किती बुडालं तर चालेल

सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेने सत्तावीस मुरलेल्या उद्योजकांना एक कल्पित धंदा देऊन ते विचार कसा करतात हे तपासलं होतं. २००१ मध्ये त्यांनी त्यावर जी मांडणी केली ती शाळेत फार उपयोगी पडते. ही माणसं आधी मोठं उद्दिष्ट ठरवून मग साधनं शोधत नव्हती. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण, इथून ती सुरुवात करत. आणि किती मिळेल यापेक्षा किती बुडालं तर झेपेल, हे आधी ठरवत.

वर्गात याचे दोन तास करा. पहिल्या तासाला प्रत्येक गटाने तीन याद्या करायच्या. तिसरी यादी, म्हणजे ओळखीची माणसं, मुलं नेहमी हातचं राखून लिहितात. आजोबा निवृत्त बँकवाले, मावशी शिवणकाम करते, खालच्या मजल्यावरचे काका छपाईत आहेत, हे त्यांना भांडवल वाटतच नाही.

दुसऱ्या तासाला रकमेची मर्यादा. आमच्याकडे माणशी ३००, म्हणजे गटाला १,५०० रुपये. ही रक्कम शाळेच्या फंडातून उसनी द्यावी, पालकांकडून घेऊ नये. बापाचे पैसे बुडाले तर पोर घरी बोलणी खातं आणि पुन्हा वाटेला जात नाही. बक्षीस म्हणून दिले तर त्यांची किंमत राहत नाही. उसने म्हणजे परत करायचे. बुडाले तर माफ, पण हिशोबाची वही पूर्ण असेल तरच. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये २०२१ साली अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २,००० रुपये बीजभांडवल देण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला होता. चाळीस मुलांच्या एका वर्गाला आमच्या हिशोबाने बारा हजार लागतात. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर ही रक्कम उभी राहायला एक संध्याकाळ पुरते.

किंमत काढणं

इथे घाई करू नका. चार तास गेले तरी जाऊ द्या.

एका गटाचा खराच हिशोब आकडे सोपे करून देतो. त्यांनी 'अगाशी पाकीट' काढलं: बोटं कापू नयेत म्हणून चिकटपट्टीचा छोटा रोल, फाटका पतंग सांधायला गोंदपट्टी, दोन तिळाच्या चिक्क्या, सगळं कागदी पिशवीत. (आधी त्यांना मांजा विकायचा होता, तोही नायलॉनचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली आहे हे मी सांगितलं. तरी "सगळे विकतातच की सर" हे ऐकावं लागलंच. मग गळा कापलेल्या दुचाकीस्वारांच्या बातम्या त्यांनाच शोधायला लावल्या.)

चाळीस पाकिटांचा खर्च असा: चिकटपट्टी ४० रोल, १२ रुपयांनी ४८०. गोंदपट्टी ४०, सहा रुपयांनी २४०. चिक्क्या ८०, पाच रुपयांनी ४००. पिशव्या १००. रिक्षा १२०. एकूण १,३४०. विक्रीची किंमत ५० रुपये.

आता मुलांना विचारा: किती पाकिटं विकली की तोटा टळला? हुशार मुलं पुस्तकातल्यासारखं करतात. रिक्षा हा स्थिर खर्च १२०. बाकीचे १,२२० भागिले ४०, म्हणजे पाकिटामागे साडेतीस. पन्नासातून वजा जाता साडेएकोणीस उरतात. म्हणून सात पाकिटं. परीक्षेत याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण माल तर सगळा रोखीने आधीच घेऊन ठेवलेला आहे! १५ जानेवारीला अगाशी पाकीट कोण घेणार? खिशातून गेलेले १,३४० परत यायला सत्तावीस पाकिटं विकावी लागतात. सात आणि सत्तावीस यांच्यामधली दरी वर्गाला नीट दिसली की त्या दिवशी पुढचं काही शिकवू नका.

ही दरी कमी कशी करायची, ते मात्र त्यांना एका दुकानदाराने शिकवलं. मांडवीजवळच्या त्या शेठनी मुलांची लांबलचक चर्चा ऐकून एवढंच म्हटलं, "बेटा, जांगड लई जा ने." जांगड म्हणजे परतीच्या बोलीवर माल: विकला तर पैसे द्या, उरला तर जसाच्या तसा परत आणा. हा शब्द मराठीतही आहे, सराफांकडे आणि कापडवाल्यांकडे रोज चालतो, पण वाणिज्याच्या आमच्या मुलांनी तो कधी ऐकला नव्हता.

शेवटी विकली गेली एकतीस पाकिटं. १,५५० आले, खर्च जाता २१० उरले. उरलेल्या नऊ पाकिटांतला पट्ट्यांचा माल जांगड असल्यामुळे नऊ गुणिले अठरा, म्हणजे १६२ रुपये सुटले आणि नफा ३७२ झाला. चिक्क्या गटाने खाल्ल्या. मुलं खूश. मग मी पुढचा प्रश्न टाकला: तुम्ही किती तास काम केलंत? पाच जण, प्रत्येकी सहा तास, एकूण तीस. म्हणजे तासाला बारा रुपये चाळीस पैसे. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मग आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी जास्त कमावतात." कमावतात; आणि त्याही कमीच घेतात.

स्वतःच्या मेहनतीला शून्य किंमत लावणं हा नवख्याचा सर्वांत जुना रोग आहे. त्यामुळे हिशोबात 'आमचे तास' हा रकाना सक्तीचा. त्यानंतर भाव वाढवण्याची चर्चा करा. साठ रुपये ठेवले असते तर? जांगड सोडून नुसता रोख हिशोब धरला तर एकतीसऐवजी सव्वीस पाकिटं विकली असती तरी २२० सुटले असते. पाच गिऱ्हाइकं गमावून नफा तोच, शिवाय काम कमी. सगळ्या मुलांना भाव कमी ठेवणं सुरक्षित वाटतं. हे गणित त्यांनी आपल्या हाताने करायला हवं.

विक्री आणि मायेची विक्री

शाळेच्या आवारात स्टॉल लावून पालकांना विकणं, त्याला आनंदमेळा म्हणतात. करा हवा तर, पण ती विक्री वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. आम्ही त्या रकान्याला 'मायेची विक्री' म्हणतो. आत्या, शेजारी, वर्गशिक्षिका सगळ्या तिथे. एकतीसपैकी बावीस पाकिटं मायेची निघाली तर गटाला आपोआप कळतं की अजून बाजारात पाऊलच पडलेलं नाही.

अनोळखी माणसाला विकायला पाठवण्याआधी वर्गात तालीम घ्या. एकाने विकायचं, दुसऱ्याने काहीही झालं तरी घ्यायचं नाही. मग प्रत्यक्ष विक्रीत 'नाही' मोजायचे आणि प्रत्येक नकाराचं कारण त्याच्याच शब्दांत लिहायचं. प्रत्येकाने निदान पंधरा नकार आणायचे, हा गृहपाठ आहे. लाजरी मुलं यात पुढे जातात, कारण त्यांना नकारच हवा असतो आणि मधूनच एखादा होकार येऊन पडतो. पहिल्या विक्रीला मराठी घरात भवानी म्हणतात, गुजराती मुलं बोणी म्हणतात. ती नोट चिठ्ठी लावून जपून ठेवू द्या.

दुपारी उन्हात उभं करू नका, दोघांनी मिळूनच जायचं, अंधार पडायच्या आत परत.

रोजकीर्द

गुजराती मुलांच्या घरचा रोजमेळ म्हणजे आपली रोजकीर्द. रोज रात्री: सुरुवातीची शिल्लक, आले, गेले, उरले, आणि प्रत्यक्ष मोजलेली रोकड. शेवटचे दोन आकडे जुळले नाहीत तर फरक लिहायचा, खोडायचा नाही. मोबाइलवरून आलेल्या पैशांची ओळ वेगळी ठेवा. ते आईच्या खात्यात जातात आणि तिथेच विसरले जातात. उधारी द्यायची असेल तर नाव, रक्कम आणि तारीख. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ही म्हण पाठ करून उपयोग नाही. वर्गमित्राकडे पन्नास रुपये मागायला तीनदा जावं लागलं की ती कळते.

वही हाताने लिहिलेलीच हवी. संगणकावरच्या तक्त्यात आकडे नंतर जुळवता येतात, आणि मुलं ते जुळवतात.

गुण

नफ्याला गुण देऊ नका. दिलेत तर पुढच्या वर्षी सगळे गट ज्यांचे नातेवाईक जास्त त्यांच्याकडे झुकतील. आमची विभागणी अशी: शंभरपैकी चाळीस वहीला, तीस गिऱ्हाइकांच्या नोंदींना (नकारांसकट), वीस अशासाठी की कळलेल्या गोष्टीवरून गटाने मधेच काय बदललं, आणि दहा सोबत्यांनी एकमेकांना दिलेले. पॉवरपॉइंटला शून्य. तोट्यात गेलेला गट पहिला येऊ शकतो, आमच्याकडे आलेला आहे.

केंद्रीय बोर्डाच्या शाळांत अकरावी-बारावीला उद्योजकता हा स्वतंत्र विषयच घेता येतो, तिथे हे सगळं प्रकल्पात बसतं. सहावी ते आठवीसाठी २०२० च्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या वयात विक्री नको. कुंभार, सुतार, घड्याळजी यांच्याजवळ नुसतं बसवा.

कॉलेजात

इथे पंधराशे रुपयांत भागत नाही आणि मुलांना लहान धंद्याची लाजही वाटायला लागलेली असते. दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे शाखांची सरमिसळ. आमच्या सयाजीराव विद्यापीठात ललितकला, अभियांत्रिकी, वाणिज्य, गृहविज्ञान सगळं एकाच गावात आहे, पण मुलं एकमेकांच्या इमारतीत पाऊल टाकत नाहीत. वस्तू बनवणारा, ती देखणी करणारी आणि तिचा हिशोब ठेवणारा अशी तिघांची जोडणी शिक्षकांनीच घडवून आणावी लागते. दुसरं म्हणजे नमुना करण्याआधी एका गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम किंवा निदान लेखी मागणी आणण्याची अट. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लहान कारखान्यात पंधरा दिवस उभं राहिलं तर सोडवण्याजोग्या अडचणी ॲपपेक्षा कितीतरी जास्त सापडतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी इथे कलाभवन काढलं आणि रंगकाम, यंत्रकाम, छायाचित्रण अशा गोष्टी लोकांच्या भाषेत शिकवायला घेतल्या. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषधांची कंपनी सुरू झाली तेव्हा गज्जरांबरोबर त्यांचे दोन विद्यार्थी होते, भाईलाल अमीन आणि कोटिभास्कर. हे दुसरं, मराठी नाव ऐकलं की आमच्या दांडिया बाजारातल्या मुलांचे कान टवकारतात. मास्तर आणि विद्यार्थी मिळून कारखाना काढतात, हे बडोद्यात एकदा होऊन गेलेलं आहे.

पैशासाठी गुजरात सरकारचं विद्यार्थी स्टार्टअप धोरण २०१७ पासून आहे, २०२२ ला त्याची दुसरी आवृत्ती आली; कॉलेजच्या समितीमार्फत नमुन्यासाठी मदत मिळते. अर्ज जरूर करा, पण पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी नको. अनुदान आलं की मुलं गिऱ्हाइकाऐवजी समितीला खूश करू लागतात.

नियमांची बाजू थोडक्यात

१८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार टिकत नाही, तेव्हा जांगडीची बोली असो की स्टॉलची जागा, सही शिक्षकाची. पालकांची लेखी संमती घ्या, त्यात वेळ आणि ठिकाण लिहा. खाद्यपदार्थ नियमित विकायचे तर लहान विक्रेत्यालाही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. त्यामुळे शाळेच्या पातळीवर बंद पाकिटातला, नोंदणीकृत ठिकाणचा मालच घ्या. आमच्या चिक्क्या तशाच होत्या.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी हिशोबाचा दिवस. प्रत्येक गट उसने पैसे सर्वांसमोर मोजून फंडाच्या डब्यात टाकतो. कमी पडले असतील तर किती आणि का, ते फंडाच्या वहीत आपल्या हाताने लिहून सही करतो. पुढच्या वर्षीच्या वर्गाला नवरात्राआधी तीच वही वाचायला द्यायची.